आवाज लावणारे देवराव

देवराव गजभिये समोरून येताना दिसले की पांढुर्ण्यातले मोटरसायकलवाले गल्ली बदलत. देवराव नगरपालिकेच्या पाण्याच्या पंपावर नोकरीला होते, मेकॅनिक नव्हते. पण त्यांच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर असे. चालत्या गाडीला हात आडवा करून ते म्हणत, "थांब बाप्पा. गाडी रडून राहिली तुही."

मग रस्त्यातच उकिडवे बसून, डोळे मिटून कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवत; एक हवेचा, एक रेसचा. इंजिन संथ, एकसारखं चालू लागलं की उठत. "आता बोलली." लोधीखेड्याच्या एका नवरदेवालाही त्यांनी सोडलं नाही. तो मुंडावळ्या सावरत उभा राहिला, मागे बसलेल्या नवरीला देवराव म्हणाले, "थांब माय जराशी, सासरी नीट पोचशीन."

एकच गाडी ते अडवत नसत, बोरगावच्या विठोबा संत्रेवाल्याची. ती उभ्या जागी गुरगुरायची, पेट्रोल प्यायची. विठोबाने कितीदा विनवलं. देवराव "ठीक हाये तुही गाडी" म्हणून वाटेला लावत. बाजाराच्या दिवशी ती घरासमोरून गेली की आवाज विरेपर्यंत हातातला कप खाली ठेवून बसत.

मी शेजारीच राहायचो. कारण सुमनबाईंनी, त्यांच्या पत्नीने, सांगितलं. गाडी आधी मिलिंदची, त्यांच्या मुलाची होती. बाप रेस कमी करी, मुलगा वाढवी. रोजचं भांडण. एका सकाळी त्याच भांडणात मिलिंदने गाडी विठोबाला विकली आणि भिलाईला निघून गेला. तो परत आला नाही. रेसचा स्क्रू मात्र त्याने ठेवला तसाच होता.

एका दुपारी एक तरुण बंद पडलेली गाडी ढकलत आमच्या गल्लीत आला. टाकीला नवा लाल रंग. देवराव गाडी ओळखत ती कानाने. ही तर मुकी होती. त्यांनी कार्ब्युरेटर खोलला, साफ केला, किक मारली, दोन्ही स्क्रू लावले. "आता बोलली."

तरुण खूश झाला. म्हणाला, "भाऊजीनं रंग देला, पण गाडी आजच धड चालून राहिली."

"कोन भाऊजी?"

"बोरगावचे विठोबा."

देवराव पुन्हा खाली बसले. रेस चढवली, ऐकलं, उतरवली, पुन्हा चढवली. तरुणाने विचारलं, चांगली चालणारी गाडी काका काहून बिघडवून राहिले. सुमनबाई पिठाच्या हातांनी दारात आल्या.

"ऐक वं," देवराव म्हणाले. "आवाज असाच होता ना?"

"याच्याहून चढता."

त्यांनी स्क्रू फिरवला. "आता?"

सुमनबाईंनी डोळे मिटून ऐकलं. "हो. असाच होता."

देवरावांनी स्क्रूड्रायव्हर पुसून खिशात ठेवला.

पुढच्या बाजाराला विठोबाची गाडी आता देवरावांनीच लावलेल्या आवाजात गुरगुरत समोरून गेली. देवराव ओट्यावर होते. त्यांनी कप खाली ठेवला नाही.