शोभाबाईंचे पाच बॉक्स आणि मधली भिंत

यंदाच्या महालक्ष्म्यांना गल्लीतल्या सगळ्या बाया आपल्याच हॉलमध्ये बसणार, असं शोभाबाईंनी जाहीर करून टाकलं होतं. नुसतं जाहीर नाही, मोठी सतरंजीसुद्धा धुऊन वाळत घातली होती!

"पाहजा तुमी," त्या रूपरावांना, म्हणजे नवऱ्याला म्हणाल्या, "यंदा रुख्मिणीच्या घरी माशी बसणार नाई!"

तर हिंगणघाटच्या त्या गल्लीत शोभाबाई आणि रुख्मिणी यांची घरं एकाच भिंतीला पाठ टेकून उभी आहेत. महालक्ष्म्या दोघींकडेही बसतात. पण दरवर्षी व्हायचं काय, की बाया शोभाबाईंकडे दारातूनच दर्शन घ्यायच्या, हळदीकुंकू लावून घ्यायच्या आणि शाळा सुटल्यासारख्या रुख्मिणीकडे पळायच्या. तिथे मात्र डिंक लावल्यागत बसायच्या! एक तर रुख्मिणीची आंबील. आणि त्यात मागच्या महिन्यात तिच्याकडे आला होम थिएटरचा रिसीव्हर. पाच बॉक्स, वर ढमढम करणारा एक डबा. त्याच्यावर आरती लागली, की शोभाबाईंच्या फडताळातल्या वाट्या नाचायला लागायच्या. वाट्या आपल्या, आणि नाचतात रुख्मिणीच्या तालावर! सांगा बरं, कोणत्या बाईला सहन होईल?

शोभाबाईंचं जेवण गेलं. म्हणजे तिसरी पोळी गेली, पण त्यांच्या मानानं ते जेवण जाणंच होतं.

"काजल," त्या दहावीतल्या मुलीला म्हणाल्या, "तोच डबा मांगव. तसाच्या तसा. रंगबी तोच."

"आई, तो सगळ्यात स्वस्तातला आहे वो. घेणाऱ्याइनं काय काय लिहून ठेवलं आहे पाह्य ना!"

काजलनं मोबाइलवर एकेकाचे अनुभव वाचून दाखवले. एकानं लिहिलं होतं, "आवाज दमदार, पहिल्याच दिवशी छतावरची पाल खाली पडली." दुसऱ्यानं, "रिमोटचं मन झालं तर चालतो." तिसरा बिचारा फारच पोळलेला दिसत होता. "ब्लूटूथला कुलूप नाही. कोणाचाही फोन आत घुसतो. सांभाळून!"

रूपराव कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतात. दिवसभर कापसाच्या गाड्या पाहून पाहून त्यांचा स्वभावही कापसासारखाच झाला आहे. ते म्हणाले, "चांगलं आहे की! आल्यागेल्याले घरात घेते बिचारा."

शोभाबाईंनी फक्त पालीचा अनुभव ऐकला होता. "पाल पडते ना? मंग झालं! घ्या!"

डबा आला. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी काजलनं वायरी जोडल्या, आईचा फोन त्याला जोडून दिला आणि आरती लावली. ढम! छतावरची पाल काही पडली नाही, पण रूपरावांच्या हातातला चहा पडला. शोभाबाईंनी भिंतीला कान लावला. पलीकडे काहीतरी खणखणलं. "नाचल्या!" त्या ओरडल्या. "तिच्या वाट्या नाचल्या!" असा आनंद त्यांना स्वतःच्या लग्नातही झाला नसेल.

आणि दुपारी चार वाजता, ऐन बाया निघायच्या वेळेला, लाइन गेली!

अर्ध्या तासानं आली. काजल गजरे आणायला बाहेर गेलेली, रूपराव आतल्या खोलीत घोरत पडलेले. शोभाबाईंनी स्वतःच फोन हातात घेतला. काजल कुठे दाबते ते त्यांनी सकाळी पाहून ठेवलं होतं. तिथे एकाच नावाचे दोन रिसीव्हर दिसत होते, एकाखाली एक, जुळ्या बहिणींसारखे. शोभाबाईंनी विचार केला, बॉक्स पाच आहेत, मग नाव दोनदा लिहिलं असेल! त्यांनी वरचं नाव दाबलं. जोडलं गेलं.

तेवढ्यात खिडकीतून त्यांना दिसलं, की रुख्मिणीच्या दारात चपलाच चपला! बारा जोड! मनकर्णाबाईंची काठीसुद्धा दाराला टेकलेली! मनकर्णाबाई म्हणजे गल्लीतल्या सगळ्यात थोरल्या. त्या जिथे बसतील तिथे गल्ली बसते.

शोभाबाईंच्या पोटात जी आग पेटली ना, तिच्यावर पुरण शिजलं असतं! अशा वेळी त्या एकच औषध घेतात. तळेगावच्या बहिणीला, आनंदाबाईला, व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवायचा. त्या स्वयंपाकघरात शिरल्या, फोन तोंडाशी धरला आणि सुरू झाल्या.

"आनंदे, पाह्य व माय, गेल्या सगळ्या तिच्याचकडे! सोळा भाज्या म्हणते, मी मोजल्या दुपारी तिच्या घरी जेवताना. अकराच! अन् कोहळा दोन ठिकाणी दाखवला! पुरण असं का दात हालले माह्ये! अन् थो डबा, दिवसभर बोंबलून राह्यला. पण एक सांगतो, कोणाले सांगू नको. आंबील तिचीच, व! पंधरा वर्षं झाली मी करून राह्यली, गाठीच होतात. मनकर्णाबाई माह्या घरी वाटी तोंडाले लावते अन् खाली ठेवते. मले रडू येते, आनंदे."

निरोप गेला. आता, शोभाबाईंची एक सवय आहे. पाठवलेला प्रत्येक निरोप त्या स्वतः एकदा ऐकतात. पेपर लिहून झाल्यावर नाव-नंबर पुन्हा तपासतात ना, तसं. त्यांनी निरोपावर बोट ठेवलं.

काहीच ऐकू येईना.

"आवाज कमी असन," म्हणत त्यांनी आवाज पूर्ण वाढवला. पुन्हा दाबलं. फोन मुका! भिंतीपलीकडून मात्र ढमढम सुरू झालं. शब्द कळत नव्हते, पण कोणीतरी बाई जाम तडतडत होती. मग एकदम सगळं शांत. शोभाबाईंनी तिसऱ्यांदा दाबलं. पलीकडची बाई पुन्हा तडतडली!

"निरोप बिघडला वाटते," त्या म्हणाल्या आणि ताज्या दमानं दुसरा भरला. "आनंदे, पहिला आला का नाई व? अन् ऐक, आता त्या रुख्मिणीनं कोण्या भांडकुदळ बाईचं भाषण लावलं आहे! काय थो आवाज, जशी फुटकी परात! महालक्ष्म्यांपुढे असं लावतात का कोणी? अक्कलच नाई तिले!"

हासुद्धा त्यांनी ऐकून पाहिला. पलीकडे ढमढम. मग पुन्हा शांत. आणि त्यानंतर असा हशा उठला, की वाट्या खरंच नाचल्या.

दोन मिनिटांत दार वाजलं. शोभाबाईंनी उघडलं आणि पाहतात तर काय, अख्खी गल्ली! पुढे काठी टेकत मनकर्णाबाई, मागे बारा-तेरा बाया, आणि सगळ्यात मागे हातात आंबिलीचा झाकलेला गंज घेऊन रुख्मिणी. आल्या! सगळ्या आल्या! आणि चक्क सतरंजीवर मांडी घालून बसल्या! शोभाबाईंचे डोळे भरून आले. पाच बॉक्सची कमाल!

"या जी, या! बसा जी! आता तुमाले आमचा आवाज ऐकवतो," त्या लगबगीनं म्हणाल्या.

"ऐकला व बाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तीनदा ऐकला."

"कोणता?"

"पह्यला तीनदा. परातीवाला एकदाच."

कोणीतरी पदर तोंडात कोंबला. नेमकी तेव्हाच काजल गजरे घेऊन आत आली. तिनं बायांची तोंडं पाहिली, आईचं तोंड पाहिलं, फोन पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"आई! तुहा फोन काकूच्या डब्याले जोडलेला आहे! त्या माणसानं लिहिलंच होतं ना, कोणाचाही फोन आत घुसते म्हणून!"

शोभाबाई मटकन खाली बसल्या. तीनदा! कोहळ्यासकट! पुरणासकट! आणि त्या गाठींसकट! वर स्वतःच्याच आवाजाला फुटकी परात म्हणून मोकळ्या! मुखवट्यांकडे पाहायचीसुद्धा त्यांना सोय उरली नाही. दोन्ही महालक्ष्म्या हसू दाबत असल्यासारख्या दिसत होत्या.

रुख्मिणीनं गंज पुढे ठेवला. तिचे कान लाल झालेले होते.

"वहिनी, अकराच होत्या," ती हळूच म्हणाली. "बाजारात भेटल्याच नाई. पण मोजाले काऊन बसल्या वो तुमी?"

शोभाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. रुख्मिणीच पुढे बोलली.

"अन् मी थो डबा काऊन आणला माहीत आहे? तुमी आरती म्हणता ना, ते भिंतीतून आमच्या घरी येते. दरवर्षी बाया माह्या घरी बसून, माही आंबील पिऊन, तुमचाच गळा वाखाणतात! 'शोभाबाई काय गाते व!' मी म्हटलं, पाच बॉक्स लावतो, मंग कोठून येते ते पाहतो!"

शोभाबाईंनी मान वर केली. "माहा गळा?"

"परात नाई, बरं का," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आता रडू नको. आंबिलीचं पीठ ताकात आदल्या राती कालवाव लागते, तू सकाळी कालवत असशीन. म्हणून गाठी. अन् उठ, म्हण आरती. थे दोन्ही डबे बंद करा आधी."

शोभाबाई उठल्या, पदर सावरला, घसा साफ केला. बाया टाळ्यांचा ठेका धरून तयार. डबे बंद करायचं कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. तेवढ्यात फोन टिंग वाजला. तळेगावहून आनंदाबाईचा निरोप! आणि सवय ती सवय, काजल "आई, थांब!" म्हणेपर्यंत शोभाबाईंचं बोट गेलंसुद्धा!

फोन मुका. पलीकडे ढमढम.

सगळ्या एकमेकींकडे पाहत राहिल्या. रुख्मिणीचं घर तर रिकामं होतं. म्हणजे अगदी रिकामं नव्हतं. दारात वासुदेवराव येऊन उभे राहिले, रुख्मिणीचे यजमान. बाजारातून आत्ताच परतले होते, काखेत रात्रीच्या पंगतीची केळीची पानं तशीच.

"वहिनी," ते गोंधळून म्हणाले, "तळेगावच्या ताईचा निरोप आहे. आमच्या घरी आला."

"काय म्हणते?" शोभाबाईंनी भिंतीला धरून विचारलं.

"म्हणे, गाडीत होती, मधलं नीट ऐकू आलं नाई. रुख्मिणीच्या पुरणाचं पुन्हा एकदा सांग म्हणे, सावकाश."