सुभेदारकाकांची दोन माणसांची होडी

सुभेदारकाकांच्या स्कूटरवर मागे बसलेल्या माणसाने 'तयार' म्हटल्याशिवाय ती स्कूटर वळत नाही. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी हिंगोलीकडची, आठवीतून शाळा सुटलेली, आजारी माणसाचं करायला पहिल्यांदाच एवढ्या लांब आलेली. काका मला न्यायला कोल्हापूरच्या स्टँडवर आले. पहिल्या चौकात त्यांनी मान न वळवता विचारलं, "तयार?" मी भिऊन गप्प. स्कूटर सरळ गेली. पुढच्या चौकात पुन्हा तेच. मी पिशवी छातीशी धरून देवाचं नाव घेत होते. असं करत आम्ही शहराबाहेर पडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. हा माणूस आपल्याला पळवून नेतोय याची खात्री झाली तेव्हा मी रडत ओरडले, "काका, मला घरी न्या हो!"

त्यांनी ब्रेक मारला. "मग तयार म्हणायला काय झालंतं? घर मगाशीच मागं गेलं की."

या तऱ्हेचं मूळ त्यांच्या अंगणात होतं. ताडपत्रीखाली एक होडी. मासे धरायची नव्हे. शिकायची, खेळायची, शिडाची. हलकी आणि फार पळणारी. तिला माणसं दोन लागतात. एक मागे सुकाणू धरतो. दुसरा कमरेच्या पट्ट्याला डोलकाठीवरची तार अडकवून काठावर उभा राहतो आणि सगळं अंग बाहेर पाण्यावर झोकून तोल धरतो. होडी वळताना शिडाखालचा आडवा दांडा डोकं फुटेल अशा जोराने या बाजूचा त्या बाजूला जातो. म्हणून मागचा विचारतो, 'तयार?' पुढच्याने 'तयार' म्हटलं की मगच वळायचं.

काका हे फौजेत शिकले. निवृत्त झाल्यावर जुनी होडी आणली, दुरुस्त केली, आणि रविवारी तलावावर पोरांना शिकवायला लागले. त्यांचा दुसरा माणूस म्हणजे काकू. बिद्रीकडच्या शेतकरी घरातल्या. विहिरीपलीकडे पाण्याशी ओळख नाही. पण पन्नाशी जवळ आलेली असताना ट्रॅकपँट घालून तारेला लोंबकळल्या. दोन जावांनी बोलणं टाकलं. "वारा बरा व्हता," एवढंच काका त्यावर सांगतात.

दुसरं वेड वजनाचं. होडीत दोघांच्या वजनाचा मेळ लागतो, म्हणून दारात येणाऱ्याला पाणी विचारायच्या आधी प्रश्न, "पावणं, वजन किती?" दूधवाला एकदा "साठ" म्हणाला, तर "किटलीसकट का किटली सोडून?" मला पहिल्याच दिवशी काट्यावर उभं केलं. "अगं, तू तर शिडाबरोबर उडशील!" मग रोज माझ्या ताटात आधी वाढायचे. किलोभर वाढलं की गल्लीत सांगत फिरायचे. माझ्या वाढण्याचा कुणाला आनंद झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

काकू मात्र अंथरुणावर. लकव्याने डावी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. खुर्चीत बसवलं की डावीकडे कलंडायच्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना दिवसभर कुशी बदलून द्यावी लागायची. तिथेही काका वाकून विचारणार, "तयार?" आणि थांबणार. मी चादर धरून उभी.

"काका, वळवा की."

"थांब गं. उत्तर येऊ दे."

एकदा मीच हळूच "तयार" म्हटलं. ते उसळले. "तुला कोण इचारलंय? तू हाईस का होडीत?"

तरी जखमा व्हायच्या त्या झाल्याच, आणि खोल गेल्या. पुण्याहून अजितदादा, त्यांचा मुलगा, आला. तिथल्या एका शुश्रूषा केंद्रात काकूंना ठेवायचं त्याने ठरवलं होतं. नातेवाइकांना तिथे राहता येत नव्हतं.

"तिला इचारल्याबिगर न्हाय," काका म्हणाले.

"बाबा, तिला बोलता येतंय का?"

"त्या दिवशीबी आलं न्हाय."

मग काका भिंतीकडे बघत बोलले. लकवा आला त्या रविवारी सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. तलावावर त्यांनी 'तयार?' विचारलं. काकू गप्प. "म्हटलं, रुसली आसंल. वळलो. येवढ्या वर्सांत एकदाच."

काकू पाण्यात पडल्या होत्या. दांडा लागलाच नव्हता, झटका आधीच आला होता, असं डॉक्टरांनी किती वेळा सांगितलं म्हणे. काकांना ते पटत नाही.

काका काकूंच्या उशाशी बसले. "पुण्याला न्हेत्यात तुला. जखमा बऱ्या हुतील म्हणत्यात. जातीस?"

आम्ही थांबलो. बऱ्याच वेळाने काकूंनी डोळे मिटले आणि मिटूनच ठेवले. होकार होता की डोळा लागला, देव जाणे.

"व्हय म्हणाली," काका म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं.

"म्हणाल्या," मी म्हटलं.

दादाने काकूंना उचलून गाडीत मागे बसवलं. त्या लगेच डावीकडे कलंडल्या. तो सीटबेल्ट ओढायला लागला तेवढ्यात काका डावीकडचं दार उघडून आत शिरले, अनवाणीच, आणि काकूंचा खांदा आपल्या खांद्यावर घेतला.

"बाबा, तुम्हाला तिथं आत सोडणार नाहीत."

"दारापतूर तरी टेकू दे की तिला."