सावलीने चालणारे राजय्यामामा

वैशाखातल्या सोलापुरात अंगभर घोंगडी पांघरून चाललेला माणूस दिसला, तर तुम्ही हसाल की थांबून विचाराल? आमची पेठ हसली. मीही हसलो.

तो माणूस म्हणजे राजय्यामामा, आमचे शेजारी, सूत रंगवणारे. उन्हाशी त्यांचे असे वैर की रस्ता त्यांना फक्त सावलीपुरता ठाऊक. "शाळेची भिंत नऊपर्यंत चालती. मग चिंच. चिंचेच्या पुढं देव हाय." एकदा सुताच्या दुकानाला निघाले आणि कडब्याच्या गाडीची सावली धरून बार्शीच्या रस्त्याला लागले. "गाडी वळलीच न्हाय, मी काय करू?" मी सभा-पत्रकांत गुंतलेला. मला म्हणायचे, "पत्रकवाले, जगाला उजेडात आणा, पण आधी तुमी सावलीत या की."

कारण मला उशिरा कळले. मामांच्या दोन्ही हातांवर कोड होते. त्यांना त्याचे काही नव्हते. रंगाऱ्याचे हात कोपरापर्यंत निळेच, पाहतो कोण? पण थोरली लेक लक्ष्मी लग्नाची झाली, तेव्हा त्यांनी वैद्याकडून बावचीचे औषध आणले. वैद्य म्हणाले, लेप लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडा वेळ बसा. पुढे दिवसभर अंगाला ऊन लागू देऊ नका.

मामांचा जन्म दोरीवर सूत वाळवण्यात गेलेला. सूत पुरते वाळले नाही तर रंग उतरतो, हे त्यांना पक्के ठाऊक. ते दुपारपर्यंत दोरीशेजारी हात पसरून बसले. हातांवर बोराएवढे फोड आले. "सूत असतं तर बसला असता रंग," एवढेच म्हणाले. औषध सोडले नाही, ऊन सोडले. सूत आता लक्ष्मी वाळत घालायची. मामा दारातून लेकीला सांगायचे, "अम्मा, डोकं झाक."

गेल्या आठवड्यात करमाळ्याहून पाहुणे लक्ष्मीला पाहायला आले. निळ्या हातांनी पाणी कसे द्यायचे, म्हणून मामांनी पहाटेपासून राखेने हात घासले. रंग गेला. पांढरे डाग उघडे पडले. मुलगी पसंत होती. मामांनी तांब्या पुढे केला. मुलाच्या बापाने हातांकडे पाहिले. "पाणी पिऊनच निघालो होतो आम्ही."

रूढींवर आग ओकणारी पत्रके लिहिणारा मी पाहुण्यांना दारापर्यंत पोचवून आलो.

ते गेल्यावर म्हणालो, "मामा, आता तरी ते औषध सोडा."

त्यांनी आत पाहिले आणि हळू म्हणाले, "सोडलं तर पोरीला वाटंल, बापानं आशा सोडली."

वाचकहो, कोड शिवल्याने लागत नाही. लक्ष्मी अजून घरीच आहे. तुमच्या घरी लग्नाचा मुलगा असेल तर आमच्या पेठेत या. मुलगी नंतर पाहा. आधी राजय्यामामांच्या हातचे पाणी प्या.