बर्फाचा ठराव

आधी त्या माणसाचं नाव सांगतो, मग बाकीचं. निवृत्ती सरवदे. गाव अणदूर, हुद्दा दूध संस्थेचे सचिव, गावाच्या तोंडी सरवदे तात्या. आज मी दोन वेळा जेवतो, अंगात इस्त्रीचा शर्ट घालतो आणि संस्थेच्या वजनकाट्यामागच्या खुर्चीवर बसतो, ते ह्या माणसामुळं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढं मी त्यांना हसणार आहे, आणि हसताना हा पोरगा उपकार विसरला असं कुणाला वाटायला नको. मला कायम असं काहीतरी वाटत असतं.

तर, तात्या ठरावाशिवाय काही करत नसत. संस्थेत तर नाहीच, पण बाहेरही नाही. न्हाव्याच्या खुर्चीत बसले की म्हणायचे, "मिशा बारीक कराव्यात, असं मी सुचवतो. अनुमोदक कोण?" न्हावी "अनुमोदन" म्हणाला की मगच कात्री चालायची. आठवडी बाजारात वांग्याचा भाव सुद्धा ते ठरावानं मांडत. माळीणबाई अनुमोदन देत नसे. तात्या म्हणत, "फेटाळला," आणि तिच्या भावानं वांगी घेऊन खुशीत घरी येत. एकदा एसटीत खिडकी उघडायचा ठराव त्यांनी तुळजापूरपासून मांडला होता. नळदुर्ग आलं तरी अनुमोदक मिळाला नाही, म्हणून घामानं निथळत बसून राहिले. हात लांब केला असता तर खिडकी उघडली असती. पण हात लांब करणं तात्यांच्या स्वभावात नव्हतं, फक्त वर करणं होतं.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तोही ठरावानंच. माझं गाव कोकणात, देवगडच्या बाजूला. सातवीला दोनदा बसलो आणि दोनदा तसाच उठलो. तिसऱ्यांदाही नापास झाल्यावर वडिलांसमोर निकाल घेऊन जायची छाती झाली नाही, म्हणून आंब्याच्या ट्रकवर क्लीनर झालो. काही वर्षं अशीच रस्त्यावर गेली. मग एकदा हैदराबादकडे जाताना नळदुर्गजवळच्या ढाब्यावर तापानं फणफणलो. ड्रायव्हर म्हणाला, "पड जरा, चहा घेऊन येतो." तो चहा बहुतेक हैदराबादला जाऊन प्यायला. तात्या तिथं दुधाचं काहीतरी विचारायला आले होते. बाजेवर पडलेलं हे मुटकुळं बघून ते ढाब्यावर मोठ्यानं म्हणाले, "ह्याला दवाखान्यात न्यावं, असं मी सुचवतो. अनुमोदक कोण?" रोट्या भाजणाऱ्यानं पिठाचा हात वर केला. मला शुद्ध नव्हती, नाहीतर मीच केला असता.

नोकरीचंही तसंच. संचालकांच्या सभेत तात्यांनी मला काट्यावर ठेवायचा विषय काढला, तर चेअरमन दादाराव म्हणाले, "कोण, कुठला, आगा ना पिछा. माझा भाचा रिकामा बसलाय की." तात्या वाद घालत बसले नाहीत. त्यांनी सभा इतकी लांबवली, की एकेक संचालक उठून समोरच्या हॉटेलात चहाला गेला. मग तात्यांनी गणपूर्ती नसल्यामुळं सभा तहकूब केली. अर्ध्या तासानं तीच सभा पुन्हा भरवली की गणपूर्ती लागत नाही, असा नियम आहे म्हणे. पुन्हा भरली तेव्हा हजर होते तात्या आणि झोपी गेलेले एक म्हातारे संचालक. डुलकीत त्यांची मान हलली, ते अनुमोदन धरलं. ते संचालक आजही रस्त्यात दिसले की मी वाकून नमस्कार करतो. न जाणो, जागे झाले असतील.

अशा ह्या माणसाला बर्फाचं वेड होतं.

आमचा भाग कसला, तर पाण्याचा टँकर आला की जावई आल्यासारखं गाव गोळा होणारा. तिथं तात्यांना हिमालयात जायचं होतं, आणि तेही हिवाळ्यात, बर्फातून पायी. पुण्याची कोणी डोंगर चढणारी मंडळी दर वर्षी अशी सहल काढत. दिवाळी सरली की त्यांचं छापील पत्रक तात्यांच्या नावानं यायचं. तात्यांची तयारी मात्र उन्हाळ्यातच सुरू होई. दुधाच्या कॅनभोवती ठेवायला सोलापूरहून भुशात गुंडाळून बर्फाच्या लाद्या यायच्या. त्यातली एक तात्या ओढून घेत, पायताण काढत, कानटोपी आणि मफलर घालत आणि भर मे महिन्यात तिच्यावर उभे राहत.

"अवो तात्या," चेअरमन म्हणायचे, "तिकडं दूध नासायलंय, अन् तुमी टिकायलाव!"

"सवय लावायलोय," तात्या दात वाजवत सांगायचे.

खाली कासाबाई घमेलं लावून बसलेली असे. ती रोज दूध घालायला येणारी म्हातारी, जिभेला धार. वितळलेलं पाणी तिच्या म्हशीला जायचं. "अजून थोडं उभा ऱ्हावा, सेक्रेटरी," ती म्हणायची, "म्हस अर्धीच भागलीया."

पत्रक आलं, की सकाळचं दूध घालून झाल्यावर संस्थेच्या ओट्यावर 'बर्फाची सभा' भरायची. पत्रकात तीन वाटा असत आणि त्यातली एक निवडायची असे. पहिली काश्मीरची, गोठलेल्या तळ्यावरून. दुसरी गढवालची, उंच कड्याची. तिसरी कुलूकडची, खेड्यांतून वर जाणारी. तिच्याखाली बारीक अक्षरात छापलेलं असे, की ह्या मार्गावर हिमवृष्टीची दाट शक्यता आहे, दुबळ्या प्रकृतीच्या माणसांनी विचार करून यावं.

गावानं त्या तिन्ही वाटा बैल पारखावेत तशा पारखल्या.

"देऊळ कंच्या वाटंवर हाय?" कासाबाई.

"सबसिडी हाय का?" चेअरमन.

"जेवान कुणाकडं?" हे सगळेच.

तात्यांनी मात्र दर वर्षी त्याच दोन वाटा त्याच कारणानं नापसंत केल्या. "तळ्यावरचं बर्फ आधीच पडून ऱ्हायल्यालं. कड्यावरचं बी जुनंच. मला पडताना दिसलं पायजे."

"म्हंजी तिसरी," मी म्हणायचो. "पण तात्या, तिथं धोका लिहिलाय."

"धोका न्हाय वसंता. ती जाहिरात हाय."

इथवर सगळं सुरळीत चालायचं. मग तात्या घसा खाकरत, कॅनच्या झाकणावर टकटक करत आणि विचारत, "कुलूच्या वाटंनं बर्फात जावं. सूचक कोण?"

"तुमीच की!" सगळा ओटा हसायचा.

तात्या हसत नसत. थोडा वेळ सगळ्यांच्या तोंडाकडं बघत राहत. मग पत्रकाची घडी घालून म्हणत, "तहकूब."

अर्ध्या तासाची युक्ती तिथं त्यांनी कधी वापरली नाही. मी एकदा सुचवून पाहिलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी दिवसभर काट्यामागून वर मान काढली नाही.

मग एका वर्षी पत्रकात एक नवीन ओळ आली. साठ वर्षांवरच्या माणसांना प्रवेश नाही. तात्यांना उन्हाळ्यात साठ वर्षं पूर्ण होणार होती. म्हणजे गेले तर ह्याच हिवाळ्यात, नाहीतर पुढं फक्त सोलापूरची लादी. शनिवारच्या टपालानं होकार गेला नाही तर जागा गेली. शुक्रवारी सकाळी सभा भरली. टकटक झाली. "सूचक कोण?" हशा झाला. "तहकूब." तात्या उठले आणि पत्रक तिथंच ठेवून घरी गेले. पत्रक तिथंच राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

खरं सांगायचं तर मला दुसरीच भीती होती. तात्या महिनाभर गेले तर चेअरमनचा भाचा खुर्चीवर येऊन बसणार. म्हणून मी मनातल्या मनात 'बरं झालं' म्हणत काटा पुसत होतो. तेव्हा कासाबाई कॅन विसळता विसळता बोलली, "यडंच हाय माणूस. सोताच ठराव मांडावा न् जावं की."

"तेच तर मावशी," मी म्हणालो. "एरवी न्हाव्याकडं सुद्धा सूचक स्वतः होतात आणि अनुमोदक मागतात. बर्फाच्या वेळी उलटं. सूचकच मागतात."

कासाबाईचा हात थांबला. "काय मागतुया?"

"सूचक. म्हणजे सुचवणारा."

ती कॅन तसाच ठेवून ओट्यावर बसली.

"आता कळलं बग," ती म्हणाली. "ते त्याचं न्हवंच. गयाचं हाय. त्याच्या बायकोचं. बाहत्तरच्या दुष्काळात म्या न् गया खडी फोडायला एका जागी बसायचो. मुकादमाच्या तंबूत क्यालेंडर होतं, बर्फाच्या डोंगराचं. सुकडी खाताना गया त्याच्याकडंच बगायची. म्हणायची, कासे, पाण्यासाठी इतकं चालतो न् हंडाभर गावतं. एकदा असं चालत जावं, की वरनं पडतंय, पडून तसंच ऱ्हातंय, अन् कुणी उचलून न्हेत न्हाय. घरी जाऊन नवऱ्याला सांगायची. त्यांच्या घरात तवापासनं ठरावच की. भाजी कंची, तर ही सुचवणार, तो अनुमोदन देणार. एवढं एकच त्यानं कवा मंजूर केलं न्हाय."

"मग काय केलं?"

"तहकूब. ह्या साली न्हाय, पुढल्या साली. पुढल्या साली म्हस घेऊ. त्याच्या पुढल्या साली पत्रे घालू. असं करता करता गया गेली की रं."

मी काटा पुसायचं फडकं खाली ठेवलं. अनुमोदन द्यायला तात्या केव्हाचे तयार होते. पण सुचवणारीच नव्हती. आणि दुसऱ्याचा ठराव आपल्या नावावर मांडायचा नाही, हा नियम.

"मग तू सुचव," कासाबाई म्हणाली.

"मी? मावशी, मी सभासद नाही. मला साधी शेळी नाही."

"म्या बी न्हाय. म्हस माज्या दिराच्या नावावर हाय. पर तुला नोकरीला लावताना त्यानं समदा नियम पाळला व्हता व्हय?"

शनिवारी सकाळी काट्यावर माझं लक्ष नव्हतं. दोन जणांचं दूध मी एकाच्याच नावावर धरलं. टपालाची गाडी यायच्या बेतात होती. तात्या कोपऱ्यात नुसते बसून होते, आज टकटक नव्हतीच. मी उठलो, कॅनचं झाकण घेतलं आणि वाजवलं. वाजवायचं होतं हळू, पण वाजलं देवळातल्या घंटेसारखं. सगळे वळले.

"सरवदे तात्यांनी," मी म्हणालो, "कुलूच्या वाटेनं, जिथं पडताना दिसतं तिथं, चालत जाऊन बर्फ बघावं, असं मी सुचवतो. सूचक मी."

कुणी हसलं नाही. चेअरमन तेवढे म्हणाले, "हरकत हाय. हे पोरगं सभासद न्हाय. कोकण्याला इथं मांडायचा अधिकार काय?"

सगळे तात्यांकडं बघायला लागले. नियमाच्या बाबतीत तात्या स्वतःच्या बापालाही सोडणारे नव्हते, हे सगळ्या गावाला ठाऊक. ते हळूहळू उभे राहिले. कानटोपी काढली, पुन्हा घातली.

"हरकत फेटाळली," ते म्हणाले. "हा ठराव संस्थेचा न्हाय. घरचा हाय. घरचा माणूस मांडू शकतो."

मग कानटोपी पुन्हा काढून ती हातात फिरवत राहिले. कासाबाई ओरडली, "बोला की आता सेक्रेटरी, टपाल निघालं!"

"अनुमोदन," तात्या म्हणाले. इतक्या बारीक आवाजात, की नोंद करायची असती तर कुणाला ऐकू आलं असं लिहिता आलं नसतं.

तात्या गेले. चेअरमनचा भाचा दोन दिवस माझ्या खुर्चीवर बसला. तिसऱ्या दिवशी कासाबाईनं त्याला मापावरून असं फैलावर घेतलं, की तो पुन्हा दिसला नाही. महिन्याभरानं तात्या परतले ते नाकाचं साल निघालेलं, ओठ फुटलेले, आणि एका गुडघ्यात लंगडत. ओट्यावर सगळं गाव गोळा झालं. थंडी किती, वाघ होता का, जेवण कुणाकडं.

"आवाज करत न्हाय गा," तात्या एवढंच म्हणाले. "आपला पाऊस कसा, पत्र्यावर दणदण येतो न् पळून जातो. हे गुपचूप येतं. अन् बसून ऱ्हातं."

"कुणी न्हेत न्हाय?" कासाबाईनं विचारलं.

"कुणीच न्हाय."

"गया असती तर घागर घिऊन गेली असती," कासाबाई म्हणाली, आणि तात्या इतके हसले की त्यांना खोकला लागला.

त्या उन्हाळ्यात तात्यांनी काट्यापाशी नवा ठराव आणला. "वसंताच्या गावाला जावं, त्याच्या आईवडलांस्नी भेटावं, समुद्र बघावा, असं मी सुचवतो. अनुमोदक कोण?" सगळ्या ओट्याचे हात वर झाले. कासाबाईचे तर दोन्ही. माझा एकट्याचा खाली होता. सातवीचा तो निकाल मी अजून कुणाला दाखवलेला नाही.

"तहकूब," मी म्हणालो.

तात्यांनी आग्रह केला नाही. पण मधून मधून विचारतात, आणि गुडघा आता दुसराही दुखायला लागलाय. तहकुबीचं पुढं काय होतं ते मी ह्याच ओट्यावर बसून ऐकलंय. म्हणून इथं सांगून ठेवतो, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. एक दिवस मी तात्यांना एसटीत खिडकीपाशी बसवून, ती खिडकी ठरावाशिवाय उघडून, माझ्या घरी घेऊन जाणार आहे. आई दारात येईल आणि विचारेल, हे कोण? माझ्या निकालाचं काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. पण हे कोण, त्याचं उत्तर माझ्याकडं तयार आहे. घरचे आहेत.