साकव माझ्या नावाचा

माझ्या शेऱ्याच्या मसुद्यात असं लिहिलेलं होतं, की हवालदार रामचंद्र बिर्जे यांनी गुंदच्या ओढ्यावर चाळीस हात लांबीचा लाकडी साकव बांधला, काळी नदीच्या खडकात अडकलेला सागाचा सोट मोकळा केला आणि छावणीत शिरलेला सुळेवाला हत्ती हुसकून लावला. आता तुमच्यापासून काय लपवायचं? मला पोहता येत नाही. ओढ्यात मी घोट्यापलीकडे कधी उतरलो नाही. आणि हत्ती आला तेव्हा मी तांदळाच्या पोत्यांमागे होतो, तेही आडवा! तरीही मसुद्यातला एक शब्द खोटा नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. हाताखालच्या माणसाने केलं ते वरच्याने केलं, हा पलटणीचा कायदाच आहे.

ही सन सतरा-अठराची गोष्ट. तिकडे सातासमुद्रापार लढाई जुंपली होती आणि त्या लढाईला रेल्वेरुळांखाली घालायला आमच्या सुपे महालातलं लाकूड हवं होतं. म्हणून पलटणीने मला खानापुरातून उचलून गुंदच्या रानात आणून टाकलं. हाताखाली बारा मजूर, सगळे तिथलेच कुणबी. त्यांचा म्होरक्या म्हादू वेळीप. वय साठीच्या घरात, अंगात पोलाद, आणि खोटं बोलायची अजिबात सवय नाही. या शेवटच्या गुणानेच मला बुडवलं.

वर्षाचा शेरा लिहायची आमच्याकडे सोयीस्कर पद्धत होती. मसुदा आपला आपण लिहायचा, खाली सही सुभेदारसाहेबांची. यंदाचा शेरा चांगला गेला की मी जमादार होणार होतो. होणार कसला, झालोच होतो! खानापुरात आमच्या ताराने हळदीकुंकवाला सगळ्या गल्लीला तसं सांगून टाकलं होतं आणि बायका तिला "जमादारीणबाई" म्हणायला लागल्या होत्या. आता मी जमादार झालो नसतो तर मला घरात जागा मिळाली नसती.

तेव्हा पौषात मी मसुदा बेळगावला पाठवला आणि संध्याकाळी सगळ्यांना समोर बसवून कायदा समजावून सांगितला. उद्या कुणी विचारलं तर बोलण्यात फरक नको.

म्हादूने बोटांवर हिशेब मांडला.

"म्हंजे साकव आमी बांदला, पन बांदला तुमी?"

"बरोब्बर."

"आनि सोट? हत्ती?"

"ते पण मीच."

"कागदावर तसं गेलं?"

"गेलं. बेळगावला पोचलंसुद्धा."

म्हादू गंभीर झाला. "मग गाऱ्हानं फिरवून घालाय पायजे," तो बाकीच्यांना म्हणाला, आणि बाराच्या बारा माना हलल्या. मीही मान हलवली. माझ्या नावाने देवाला चार चांगले शब्द सांगणार असतील, असं मला वाटलं. बरंही वाटलं. गरिबांची माया असते हो!

फाल्गुनात सुभेदार अर्जुनराव सुळगेकरांचा निरोप आला. मेजरसाहेब स्वतः काम बघायला येणार, ऐन शिमग्याच्या दिवशी, दुपारी. साकवावरूनच घोडी येणार. जमादारी चालत दारात येत होती! मी बूट आरशासारखे घासले, मिशांना खोबरेल लावून पीळ दिला आणि त्या दिवशी सकाळी सकाळी तंबूबाहेर येऊन उभा राहिलो.

समोर बाराजण गुमटं, म्हणजे त्यांचे मातीचे ढोल, वाजवत हजर. सोबत म्हादूची बायको गिरजा, हातात फुलांचा हा एवढा तुरा.

"चला हवालदारसाब," म्हादू म्हणाला.

"कुठं?"

"मांडावर. नवस फेडाय."

"कुणाचा नवस?"

"तुमचा."

मग हळूहळू उलगडा झाला. ही माणसं कुठलंही जोखमीचं काम देवाला सांगितल्याशिवाय करत नाहीत. गावच्या मांडावर, म्हणजे त्यांच्या देवाच्या अंगणात, म्हादू उभा राहतो, गाऱ्हाणं घालतो आणि काम करणाऱ्याच्या नावाने काहीतरी बोलतो. काम झालं की करणाऱ्याने शिमग्याला ते फेडायचं. आता करणारा मी! तेव्हा माझा कायदा ऐकल्यावर त्या प्रामाणिक म्हाताऱ्याने दुसऱ्याच दिवशी मांडावर जाऊन सगळे नवस रीतसर माझ्या नावावर करून टाकले होते.

"काय काय बोललायस?" मी कसंबसं विचारलं.

"हत्तीसाटी अनवानी नाचायचं. सोटासाटी पाच घरं मागून खायाचं."

"आणि साकवासाठी?"

म्हादूने खाली बघितलं. "कुनाचं हाडबोट न मोडता साकव उभा ऱ्हायला तर मिशा देतो, आसं बोललो हुतो. तवा माज्या मिशा हुत्या त्या."

"आणि आता?"

"आता तुमच्या."

माझा हात आपोआप वर गेला. अहो, बिनमिशांचा जमादार कुणी पाहिलाय? मी म्हणालो, "म्हादू, ऐक. साकव तू बांधलास. मी सगळ्यांसमोर सांगतो. घे तुझं तू परत."

"घेतो की," म्हादू म्हणाला. "कागदातनं काडा मग."

"कागद बेळगावला आहे."

"मग कसं हुईल?" गिरजा पुढे झाली. "बाबा, देवाला एक आनि सायबाला एक सांगाय आमाला येत न्हाई. सायेब इचारंल तर म्हादूनं बांदला म्हनून सांगू? तसं सांगा. आमाला काय, दोनी चालतंय."

 तिने तेवढ्यात माझ्या डोक्यावर तुरा बांधलासुद्धा. वर मजुरांतल्या लाडूने, जो गावाची हजामतही करायचा, बारीक आवाजात सांगितलं, की नवस राहिला तर त्या साकवावर आज कुणी पाय ठेवणार नाही, आणि साहेबाच्या घोड्याचं काय होईल ते देवालाच ठाऊक. मी मनातल्या मनात हिशेब केला. साहेब दुपारी येणार. आता कुठे सूर्य वर आलाय. भराभर उरकून घेऊ, मिशांबद्दल नंतर काहीतरी थाप मारू.

बूट काढले. पाच घरं मागितली. पहिल्या घरी तांदूळ, दुसऱ्या घरी उकडलेले कंद, तिसऱ्या घरी म्हातारीने माझ्या गालाला हात लावून "पोर वाळलंय" म्हणत मधाची वाटी तोंडाला लावली. मग मांडावर नाच. पहिले चार फेर मी हवालदारासारखे नाचलो, म्हणजे लेफ्ट-राइट. पाचव्या फेराला गुमटाचा ठेका कुठून पायात शिरला कोण जाणे, मी गिरकी घेतली आणि सगळा गाव हसून ओरडला. खोटं कशाला बोलू? एवढा आनंद मला पलटणीत कधी झाला नव्हता. जमादारी विसरलो, ताराला विसरलो. बारा फेर नाचलो. नको नको म्हणताना तेराव्याला गुमटही गळ्यात अडकवून घेतलं!

त्या भरातच मी पाटावर बसलो आणि म्हणालो, "लाडू, चालव वस्तरा."

लाडूने डावी बाजू साफ केली. उजवीला हात घालणार, तोच साकवाच्या फळ्यांवर टापा वाजल्या. साहेबाला दुपार म्हणजे काय ते कळत नव्हतं, की सुभेदारांना वेळ सांगता येत नव्हती, देव जाणे! मी उठून ताडकन सलाम ठोकला. अनवाणी, डोक्यावर तुरा, गळ्यात गुमट, आणि मिशी एकच.

सुभेदारसाहेबांचा चेहरा भिजल्या चुन्यासारखा झाला. मेजरसाहेबाने घोडा थांबवला, माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि मोडक्यातोडक्या मराठीत मजुरांना विचारलं, "हा पूल कोणी बनवला?"

बारा हात माझ्याकडे. "हवालदारसाबांनी."

"मग त्याची मिशी का काढता?"

म्हादू शांतपणे म्हणाला, "बांदला म्हनून."

साहेबाने सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदारांनी आकाशाकडे पाहिलं. शेवटी म्हादूनेच साहेबाला सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं, पलटणीचा कायदा, देवाचा कायदा, गाऱ्हाणं कसं फिरवलं, सगळं.  संपलं. जमादारी गेली, आता निदान हवालदारी तरी राहू दे, असं मी त्या मांडावरच्या देवाला विनवलं.

आणि साहेब हसायला लागला. हसता हसता घोड्याच्या मानेवर आडवा झाला. मग उतरला, लाडूला खूण केली आणि माझी उजवी बाजू समोर उभा राहून पूर्ण करवून घेतली. संध्याकाळपर्यंत तो तिथेच होता. कंद खाल्ले, मध खाल्ला, गिरजाने दिलेलं फूल टोपीत खोवलं. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "शाबास बिर्जे!" मी त्याच रात्री ताराला पत्र टाकलं, नवी साडी घेऊन ठेव म्हणून.

चैत्रात शेरा आला. सुभेदारसाहेबांनी तंबूत बोलावून स्वतः वाचून दाखवला. गुंदचा साकव, सोट आणि हत्ती, ही तिन्ही कामं सुभेदार सुळगेकर यांच्या कुशल नेतृत्वाचं फळ, सबब सुभेदारांना पदक. आणि खाली माझ्याबद्दल एक ओळ. "हवालदार बिर्जे: नाच उत्तम."

"पण साहेब," मी म्हणालो, "साकव तर माझ्या..."

"बिर्जे," सुभेदार प्रेमाने म्हणाले, "हाताखालच्याने केलं ते वरच्याने केलं. तुम्हाला पलटणीचा कायदा मी सांगायचा का?"

 सुभेदारांनी पुढचा कागद काढला. नंदिगड्ड्याला साठ हातांचा साकव बांधायचा होता, आणि या वेळी शेरा थेट सुभेदारांच्याच नावाने लिहा, मधे घोळ नको, असं त्यांनी बजावलं. मी सलाम केला.

बाहेर येऊन तडक म्हादूकडे गेलो. नव्या साकवासाठी ही मंडळी संध्याकाळी मांडावर गाऱ्हाणं घालणारच होती. त्याला सुभेदारसाहेबांचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं नीट दोनदा सांगितलं. आणि काम साठ हातांचं आहे, तेव्हा यंदा नुसत्या मिशांवर भागवू नका, एवढंच सुचवून आलो.