जंगलातली एकुलती एक शाल

एका जंगलात, बाळांनो, प्राणी होते चिक्कार आणि शाल होती एकच. मोरपंखी, जरीच्या काठाची. कुणी काही बरं केलं की सिंहमहाराज ती त्याच्या अंगावर घालायचे. टाळ्या व्हायच्या. मग शाल घडी करून पुढच्या सत्कारासाठी ठेवायची. ए, हसू नका. तुमचा झालाय का कधी सत्कार? नाही ना? मग गप्प ऐका.

तर एकदा गेनू माकडाला खरूज झाली. जंगलाची वैद्य होती साळू साळिंदरीण. तिनं गेनूला पाहिलं आणि बोटांवर दिवस मोजले. थंडी तीन महिन्यांवर आली होती. खरूज पसरून पिल्लांचे केस गळले, तर बिचारी गारठून मरणार!

"पंधरा दिवस गुहेत एकटा राहा," ती म्हणाली. "कुणाला शिवू नकोस. कडुलिंबाचा पाला वाटून लाव."

गेनू शहाण्यासारखा तयार झाला. झालं! एवढा त्याग जंगलात कुणी केलाच नव्हता. महाराज स्वतः गुहेत गेले. गेनूला शाल घातली, भाषण ठोकलं आणि शाल घडी करून परत आणली.

मग गुहेवर पहारा दिला म्हणून अस्वलाचा सत्कार. 'खाजवू नका, खाजवू देऊ नका' ही घोषणा लिहिली म्हणून कोल्ह्याचा. थोड्याच दिवसांत दोघं कराकरा खाजवत गुहेत गेले. पाला लावून बरे झाले. बरे झाले म्हणून पुन्हा सत्कार, आणि पुन्हा खाज!

"अहो महाराज, ती शाल!" साळू कळवळून म्हणाली. "चार दिवस कडक उन्हात टाका हो तिला."

"रंग उडेल."

"आणि पिल्लांचे केस उडतायत ते?"

"साळूबाई, काट्यांमुळे तुमचा सत्कार करता येत नाही, हे तुमचं दुःख आम्ही समजू शकतो."

सगळे फिदीफिदी हसले. हसताहसता खाजवलंही.

शेवटी महाराजांनाच खाज सुटली. तातडीची सभा भरली.

"खरूज नाही ती एकट्या साळूबाईंना," कोल्हा म्हणाला. "म्हणजे त्यांनी स्वतःची सगळी आपल्याला वाटून टाकली!"

"हाकला तिला!" सभा ओरडली.

साळूनं समोर पाहिलं. अस्वलाचं पिल्लू अर्धं टकलं होऊन आईला बिलगलं होतं. साळू मान खाली घालून पुढे आली.

"चुकलं माझं, महाराज. सत्कार झाला नाही म्हणून जळत होते मी. एकदा घाला की मलाही शाल!"

महाराज विरघळले. त्यांनी तिच्या अंगावर शाल घातली. टाळ्या पडल्या. साळूनं सगळे काटे फुलवले आणि अंग असं झाडलं, असं झाडलं, की टर्रर्र! चिंध्या झाल्या. त्या तिनं गोळा करून नदीत सोडल्या.

सत्कार बंद पडले. पंधरा दिवसांत खरूज गेली. थंडीच्या आत पिल्लांना नवी लव आली.

मग महाराजांनी दोन निर्णय जाहीर केले. साथ हटवल्याचं श्रेय कोल्ह्याच्या घोषणेला. आणि शाल फाडल्याबद्दल साळू जंगलाबाहेर. मला तर अजून संताप येतो, बाळांनो. साळू मात्र निमूट निघाली. वाटेत अस्वलाचं पिल्लू आडवं आलं, चांगलं गुबगुबीत. तिनं त्याच्या केसांतून पंजा फिरवला आणि गेली.

तात्पर्य: मुलांनो, जंगलभर खरूज पसरवलीत तरी चालेल, तुमचा सत्कार होईल. शाल तेवढी जपा.