रिक्त पदाचा तास

जिल्हा परिषदेच्या शाळेतलं विशेष शिक्षकाचं रिक्त पद सोमवारपासून कामावर येऊ लागलं.

साडेदहाच्या ठोक्याला कोपऱ्यातली खुर्ची आपोआप मागे सरकली, तेव्हा वृषालीबाई किंचाळल्याच.

"अहो बाई, पद आहे ते," मुख्याध्यापक गायधने सर मस्टरमधून मान वर न करता म्हणाले. "नऊ वर्षं रिक्त आहे. आलं एकदाचं."

सही कुठं घ्यायची एवढाच पेच पडला. सरांनी रकाना कोरा सोडला, आणि तेच नियमात बसलं.

पदाकडे एकच विद्यार्थिनी सोपवली, सातवीची तेजल इंगोले. तिचं गणिताचं पुस्तक जुलैतच संपलं होतं. तेव्हापासून वृषालीबाई तिला बडबड करणाऱ्या मुलांची नावं फळ्यावर लिहायला बसवत. 'प्रज्ञावान विद्यार्थ्यांसाठी उपक्रम' या सदरात तशी नोंदही होती.

पद बोलत नसे. तेजल विचारी, ते ऐकून घेई. 'हे परीक्षेला नाही' असं कधी म्हणत नसे. मग खडू उचलला जाई आणि फळ्यावर तिच्या प्रश्नाहून थोडा अवघड प्रश्न उमटे. दिवाळीपर्यंत पोरगी खळखळून हसायला लागली. अडीच वर्षांत आपण हिचं हसू कधी ऐकलंच नव्हतं, हे बाईंच्या लक्षात आलं.

डिसेंबरात विस्तार अधिकारी म्हस्के साहेब तपासणीला आले. त्यांनी खुर्चीला नमस्कार केला, पूर्ण तास बघितला, खूश झाले आणि मग गंभीर झाले.

"शिकवतंय झकास. पण शिकवतंय म्हणजे रिक्त नाही. रिक्त नाही म्हणजे भरलेलं. मग माणूस दाखवा."

"माणूस नाही, म्हणून तर ते येतं ना साहेब," गायधने सर म्हणाले.

"तीच तर अनियमितता आहे. कुणाला तरी अतिरिक्त कार्यभार द्या. नवीन कोण आहे?"

सगळ्यांनी वृषालीबाईंकडे बघितलं.

"साहेब, माझ्याकडे दोन वर्ग आहेत. पोषण आहार आहे, ऑनलाइन माहिती आहे..."

"मार्चमध्ये शिक्षणसेवकी संपून कायम व्हायचंय ना मॅडम? नकार दिला की फाइलवर शेरा येतो. मी नाही देत हो, आपोआप येतो."

बाईंनी सही केली. खुर्ची हळूच टेबलाखाली सरकली आणि पुन्हा हलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो तास बाईंचा झाला. तांदळाच्या नोंदी करता करता त्या म्हणत, "हो गं, उद्या बघू." तेजलने चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी तिने विचारलं, "बाई, पद रिक्त कसं होतं?"

"राजीनामा दिला की. नाहीतर माणूस वारला की," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

तेजलने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तिने वही पुढे ठेवली. त्यात बाईंचा राजीनामा होता. विषय, संदर्भ, 'महोदय', 'स्वेच्छेने', सगळं जागच्या जागी. फक्त सही नव्हती.

"तू लिहिलंस?"

"हो बाई. पहिला मार्ग सोपा वाटला."

बाईंनी तो दोनदा वाचला. एकही चूक नव्हती. मग त्यांनी लाल पेनने बरोबरची खूण केली, खाली 'उत्तम' असं लिहिलं आणि वही तिला परत दिली.